थ्रीडी सोनोग्राफी : यंत्राआधी आठवडा विचारा

"डॉक्टरांनी साधी सोनोग्राफी लिहून दिली आहे, पण नणंद म्हणते थ्रीडीच करून घ्या. ऐकायचे कोणाचे?" "बोईसरला करावी की पहाटेची गाडी पकडून मुंबई गाठावी?" "दुसरीकडे बाळाच्या चेहऱ्याचा व्हिडिओ देतात म्हणे, मग आमच्या सेंटरने नाही का म्हटले?" पालघर, बोईसर, तारापूर, चिंचणी या पट्ट्यातल्या घराघरांत हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात. त्यांच्या मुळाशी एकच समजूत असते, की यंत्र जितके भारी तितका रिपोर्ट पक्का.

ही समजूत आधी बाजूला ठेवा. गरोदरपणातल्या सोनोग्राफीचा उपयोग ती कितव्या आठवड्यात झाली आणि करणारे डॉक्टर किती तयारीचे आहेत यावर ठरतो. अठराव्या ते विसाव्या आठवड्यात साध्या यंत्रावर नीट, सावकाश केलेली तपासणी बाळाच्या दृष्टीने लाखमोलाची असते. तीच वेळ हुकवून सातव्या महिन्यात केलेली थ्रीडी फार तर सुंदर फोटो देईल.

थ्रीडीने नेमके काय वाढते

टूडी सोनोग्राफीत, म्हणजे आपण जिला साधी म्हणतो तिच्यात, शरीराचा एकेक काप पडद्यावर उमटतो. थ्रीडीत यंत्र असे अनेक काप गोळा करून जोडते आणि पृष्ठभाग दाखवते. तोच पृष्ठभाग हलताना दिसला की फोर-डी. ध्वनिलहरी त्याच असतात आणि प्रोबही तसाच पोटावर फिरतो. क्ष-किरण यांपैकी कशातच नसतात, त्यामुळे ‘थ्रीडीत रेडिएशन जास्त’ ही भीती मनातून काढून टाका. तरीही वैद्यकीय कारण नसताना, केवळ हौसेखातर बराच वेळ सोनोग्राफी करू नये, असेच या विषयातल्या तज्ज्ञांचे मत आहे.

बाळाचे वजन, हृदयाचे ठोके, गर्भजल, वारेची जागा, मेंदू, हृदयाचे कप्पे, मूत्रपिंडे हे सगळे मुख्यतः टूडीतच पाहिले जाते. तिथे काही शंका आली की थ्रीडी मदतीला येते. दुभंगलेला ओठ, मणक्यातला दोष, हातापायांची ठेवण अशा गोष्टी थ्रीडीत अधिक स्पष्ट होतात आणि आईवडिलांना समजावून सांगणेही सोपे जाते. थोडक्यात, थ्रीडी करायची की नाही हे टूडी पाहणाऱ्या डॉक्टरांनी ठरवावे. त्यांनी नको म्हटले तर तुमच्या बाळाच्या तपासणीत काही उणे राहिले असे मुळीच नाही.

थ्रीडी चित्र मिळणे बरेचसे बाळाच्या मर्जीवर असते. चेहऱ्यासमोर गर्भजलाचा थर हवा. बाळाने तोंड वारेकडे फिरवलेले असेल किंवा मूठ ओठांपुढे धरलेली असेल, तर पडद्यावर नुसता ओल्या मातीच्या गोळ्यासारखा आकार दिसतो. मग डॉक्टर जेल पुसायला कागद देतात, "जरा खाऊन या, बाहेर फेऱ्या मारा" म्हणतात, पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा आत बोलावतात, कुशीवर वळायला सांगतात. तरी मूठ हलली नाही तर काही दिवसांनी या म्हणतात. याचा अर्थ बाळात खोट आहे असा नाही, आणि सेंटर वाईट आहे असाही नाही.

चेहरा सर्वांत छान दिसतो तो साधारण २६ ते ३० आठवड्यांत, आणि बाळातले दोष पाहण्याची योग्य वेळ मात्र १८ ते २० आठवडे. घोटाळा इथेच होतो. "एकदाच पैसे घालू, चेहराही दिसेल" म्हणून कुटुंबे थांबतात आणि महत्त्वाची तपासणी हुकते.

थ्रीडीतही न दिसणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत. डाऊन सिंड्रोमची शंका सोनोग्राफीत येऊ शकते, खात्री होत नाही. बहिरेपण, मतिमंदत्व कळत नाही. आपल्या जिल्ह्यातल्या आदिवासी समाजांत आढळणारा सिकलसेल आजार तर कुठल्याच सोनोग्राफीत दिसत नाही. त्यासाठी आईची, आणि ती वाहक निघाली तर वडिलांचीही, रक्ततपासणी लागते. ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते. ती सुरुवातीच्या महिन्यांतच मागून घ्या.

कोणती सोनोग्राफी केव्हा

आठवडे मोजायचे ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून.

- ६ ते ८ आठवडे : गर्भ गर्भाशयातच आहे ना, ठोके आहेत का, एक आहे की जुळे, आणि प्रसूतीची तारीख. ही तारीख सर्वांत भरवशाची असते.
- ११ ते १३ आठवडे ६ दिवस : एनटी स्कॅन. बाळाच्या मानेमागच्या द्रवाची जाडी मोजतात, सोबत आईच्या रक्ताची डबल मार्कर तपासणी करतात. ही मुदत गेली की ते माप घेण्यात अर्थ राहत नाही.
- १८ ते २० आठवडे : अ‍ॅनॉमली स्कॅन, काही ठिकाणी याला टिफा म्हणतात. बाळाची डोक्यापासून पायापर्यंत तपासणी. वर्षभराच्या खर्चात एकाच सोनोग्राफीला जागा असेल, तर ती हीच करा.
- २० ते २४ आठवडे : फीटल इको, म्हणजे बाळाच्या हृदयाची खास तपासणी. सर्वांना लागत नाही. आईला आधीपासून मधुमेह असेल, घरात जन्मजात हृदयरोग असेल किंवा आधीच्या तपासणीत शंका आली असेल तर सांगतात.
- २८ आठवड्यांनंतर : वाढ, पाणी, वारेची जागा, गरज पडल्यास डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाहाची तपासणी.

समजा पाळी १ जूनला आली. तर एनटी स्कॅनची मुदत १७ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर, आणि अ‍ॅनॉमली स्कॅन ५ ते १९ ऑक्टोबरच्या दरम्यान. जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडची जी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, त्यांनी हा हिशेब निघण्याआधी आशाताईंकडून नक्की करून घ्यावा. भट्टीवर गेल्यावर सोनोग्राफीचा दिवस काढणे किती अवघड असते हे त्यांना कोणी सांगायला नको. जावे लागलेच तर माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्या. ते दाखवून जवळच्या कुठल्याही सरकारी केंद्रात तपासणी मागता येते.

गरोदरपणाबाहेर थ्रीडी कधी

वारंवार गर्भपात होत असेल तर गर्भाशयात पडदा आहे का, त्याचा आकार कसा आहे हे थ्रीडीत फार चांगले कळते. कॉपर-टी जागेवरून सरकली असल्यास तिचाही पत्ता लागतो. हृदयाच्या झडपांसाठी थ्रीडी इको असते, पण ती मोठ्या केंद्रांत आणि हृदयरोगतज्ज्ञांच्या सांगण्यावरूनच. पित्ताशयातले खडे, मुतखडा, अपेंडिक्स, फॅटी लिव्हर यांना साधी सोनोग्राफी पुरते. त्यासाठी थ्रीडीचे जादा पैसे मोजू नका.

बोईसर, पालघर की मुंबई?

एक क्रम लक्षात ठेवा.

१. आधी जवळच्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात नाव नोंदवा. प्रसूती खासगीत करणार असाल तरीही.

२. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी रुग्णालयांत गरोदर मातांची मोफत तपासणी होते. चौथ्या महिन्यापासून पुढच्या मातांसाठी हा दिवस आहे. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून सरकारी रुग्णालयातली प्रसूती, सिझेरियन, औषधे, तपासण्या, सोनोग्राफी, रक्त, आहार आणि ने-आण मोफत आहे. हा तुमचा हक्क आहे, कोणाचे उपकार नव्हेत.

३. सरकारी रुग्णालयात सोनोग्राफी करणारे डॉक्टर रोज नसतात. वार आणि वेळ आशाताईंकडून आधी विचारून घ्या. रिक्षा करून यायचे आणि "आज मशीन बंद" ऐकून परत जायचे, यात गरोदर बाईचा एक दिवस आणि एक मजुरी जाते. तुमचा आठवडा सरत आला असेल आणि तारीख पुढची मिळत असेल, तर वैद्यकीय अधिकाऱ्यांना स्पष्ट सांगा, "अठरा ते वीस आठवड्यांत व्हायला हवी, दुसरीकडे पाठवा." चिठ्ठी लेखी घ्या.

४. तारापूर औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या ज्यांच्या पगारातून ईएसआय कापला जातो, त्यांनी आपल्या ईएसआय दवाखान्यातून चिठ्ठी घ्यावी. कंत्राटी कामगारांनाही हा लाभ असतो. ठेकेदार विमा क्रमांक देत नसेल तर कंपनीच्या कार्यालयात मागा.

५. खासगी सेंटर निवडताना ‘थ्रीडी आहे का’ या प्रश्नाआधी तीन प्रश्न विचारा. अ‍ॅनॉमली स्कॅन स्वतः रेडिओलॉजिस्ट करतात का? त्याला साधारण किती वेळ देतात? थ्रीडीचे पैसे वेगळे आहेत का, आणि किती? पाच मिनिटांत उरकलेला अ‍ॅनॉमली स्कॅन माझ्या मते पैसे वाया घालवणे आहे.

मुंबईला जाण्याची गरज सर्वांना नसते. अ‍ॅनॉमली स्कॅनमध्ये शंका आली, फीटल इको सांगितली, जुळ्यांत गुंतागुंत आहे किंवा आधीचे बाळ दोषासह जन्मले होते, अशा वेळी केईएम, नायर, सायन किंवा परळच्या नौरोसजी वाडिया प्रसूतिगृहासारख्या रुग्णालयांतला गर्भचिकित्सेचा सल्ला उपयोगी पडतो. जाताना आधीचे सगळे रिपोर्ट आणि फिल्म न्या. त्या घरी राहिल्या तर सगळे पहिल्यापासून होते. अवघडलेल्या अंगाने गर्दीची लोकल टाळा. सकाळी लवकर नंबर लावायचा असेल तर घरचे कोणी पुढे जाऊ द्या.

जाताना काय न्यावे

डॉक्टरांची चिठ्ठी, फोटो असलेले ओळखपत्र, माता-बाल संरक्षण कार्ड, आधीचे रिपोर्ट आणि कागदावर लिहिलेली शेवटच्या पाळीची तारीख. पहिल्या महिन्यांत पोटावरून तपासणी असेल तर लघवी साठलेली लागते, म्हणून आधी पाणी पिऊन जा. पुढच्या महिन्यांत सहसा त्याची गरज नसते. गरोदरपणातल्या सोनोग्राफीला उपाशी जाऊ नका. पित्ताशय, यकृत पाहायचे असेल तेव्हाच काही तास उपास लागतो. साडी किंवा सैल दोन तुकड्यांचा पोशाख बरा.

फॉर्म एफ आणि ‘मुले किती, मुली किती?’

टेबलावर बसलेली मुलगी नाव, पत्ता, फोन विचारते आणि पुढचाच प्रश्न टाकते : "मुलगे किती? मुली किती? त्यांची वये सांगा." दोन मुलींच्या आईला इथे धस्स होते. आपल्यावर संशय घेतात की काय, असे वाटते. तसे नाही. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली गरोदर स्त्रीच्या प्रत्येक सोनोग्राफीसाठी फॉर्म एफ भरावा लागतो आणि हे रकाने त्यात छापलेलेच असतात. तो अर्धवट राहिला तर डॉक्टरांवर कारवाई होऊ शकते, म्हणून ते काटेकोर असतात. शेवटी "मला गर्भाचे लिंग जाणून घ्यायचे नाही" या घोषणेवर तुमची सही किंवा अंगठा घेतात. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा, मगच सही करा.

असा कायदा देशात सर्वांत आधी १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला. केंद्राचा कायदा १९९४ चा, आणि २००३ पासून तो अधिक कडक झाला. त्यातले हे मुद्दे तुमच्या कामाचे आहेत :

- सेंटरचे नोंदणी प्रमाणपत्र दिसेल असे लावलेले हवे, आणि लिंगनिदान होत नाही असा मराठी फलकही हवा. नसेल तर तिथून निघा.
- शब्दाने, खुणेने, पेढा-जिलेबीच्या संकेताने, कशानेही लिंग सांगणे गुन्हा आहे. विचारणाऱ्या नातेवाइकांनाही पहिल्या गुन्ह्यासाठी ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गरोदर स्त्रीवर मात्र घरच्यांनी जबरदस्ती केली, असेच कायदा गृहीत धरतो.
- नुसत्या हौसेसाठी सोनोग्राफी करता येत नाही. कारण फॉर्मवर लिहावे लागते. चेहऱ्याच्या व्हिडिओला सेंटर नाही म्हणते ते यामुळेही.
- "मशीन घरी आणून थ्रीडी करून देतो" म्हणणारा माणूस कायदा मोडतो आहे. नोंदणी केलेल्या जागेबाहेर यंत्र असे फिरवता येत नाही.

अशी बाब दिसली तर पालघरच्या जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, १०४ वर किंवा ‘आमची मुलगी’च्या १८०० २३३ ४४७५ या मोफत क्रमांकावर तक्रार करा. नाव गुप्त ठेवता येते.

रिपोर्ट हातात आल्यावर

रिपोर्ट डॉक्टरांना दाखवण्याआधी मोबाइलवर शोधत बसू नका. तरी काही शब्दांनी जीव टांगणीला लागतो, त्यांच्याविषयी :

‘वार खाली आहे’ असे विसाव्या आठवड्यात लिहिलेले असेल, तर बहुतेक वेळा गर्भाशय वाढते तशी ती वर सरकते. ३२ आठवड्यांच्या सुमारास पुन्हा पाहतात. मधल्या काळात रक्तस्राव झाला तर मात्र वाट पाहू नका, १०८ ला फोन करा. ‘मानेभोवती नाळ’ हे खूप बाळांत आढळते आणि तेवढ्यावरून सिझेरियन ठरत नाही. प्रसूतीची तारीख प्रत्येक रिपोर्टमध्ये वेगळी दिसली तर पहिल्या तीन महिन्यांतली धरा. शेवटच्या महिन्यांत बाळाच्या आकारावरून काढलेली तारीख दोन-तीन आठवडेसुद्धा मागेपुढे होऊ शकते. एनटीचे माप ३.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त असेल तर पुढच्या तपासण्या टाळू नका.

रिपोर्टखाली ‘सर्व दोष सोनोग्राफीत दिसतातच असे नाही’ अशी ओळ असते. ती खरी आहे.

दोष सांगितला तर

पहिल्या धक्क्यात निर्णय घेऊ नका, पण दिवसही घालवू नका. दुसऱ्या तज्ज्ञांचे मत घेण्याचा तुम्हाला हक्क आहे. आठवड्याभरात घ्या.

पुष्कळ दोष बरे होतात, हे आधी ऐका. थ्रीडीत दुभंगलेला ओठ दिसला म्हणून काही कुटुंबे हादरून जातात. ओठाची शस्त्रक्रिया बाळ साधारण तीन ते सहा महिन्यांचे असताना होते, टाळूची त्यानंतर वर्ष-दीड वर्षाच्या आत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दुभंगलेला ओठ, वाकडे पाऊल, जन्मजात हृदयदोष यांच्यासाठी मोफत उपचारांची सोय आहे. जन्माआधी कळल्याचा फायदा असा, की प्रसूती कुठे करायची आणि बाळाला पाजायचे कसे याची तयारी होते.

दोष गंभीर असेल तर वैद्यकीय गर्भपाताचा कायदा, त्यातल्या २०२१ च्या सुधारणेसह, असे सांगतो : २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांचे मत पुरते. २० ते २४ आठवड्यांत, बाळाला गंभीर दोषाचा धोका असल्यास, दोन डॉक्टरांचे. २४ आठवड्यांनंतर गंभीर दोष असल्यासच, आणि सरकारने नेमलेल्या वैद्यकीय मंडळाच्या मंजुरीने. मंडळाने अर्ज आल्यापासून तीन दिवसांत मत द्यायचे असते. संमती फक्त त्या सज्ञान स्त्रीची लागते. नवऱ्याची किंवा सासूची सही कायद्याने लागत नाही. तिचे नाव गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. अठराव्या आठवड्याचा एवढा आग्रह का, ते या आकड्यांवरून लक्षात येईल. दुसरे मत, जास्तीच्या तपासण्या आणि शांतपणे विचार करायला तेवढाच काय तो अवधी मिळतो.

कारखाने, अणुकेंद्र आणि मनातली भीती

"आम्ही अणुकेंद्राजवळ राहतो, मग थ्रीडी करावीच लागेल ना?" तारापूरचे केंद्र १९६९ पासून चालू आहे आणि हा प्रश्नही तितकाच जुना असावा. केंद्राजवळ राहणे एवढ्यावरून थ्रीडीची गरज ठरत नाही. अ‍ॅनॉमली स्कॅन जशी सर्वांनी करायची तशीच तुम्हीही करा.

पण गरोदर असताना तुम्ही कारखान्यात सॉल्व्हंट, रंग किंवा इतर रसायने हाताळत असाल, कामात वायुगळती झाली असेल, नकळत एक्स-रे किंवा सीटी स्कॅन झाला असेल, फिट्सच्या गोळ्या चालू असतील, तर ते डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. औषधे, किरणोत्सर्ग, संसर्ग आणि रसायने यांच्याशी आलेला संबंध हे प्रसूतिपूर्व तपासणीचे कारण म्हणून कायद्यातही मान्य आहे. रसायनाचे नाव माहीत नसेल तर ड्रमवरच्या लेबलचा फोटो दाखवा. नोकरी जाईल म्हणून लपवू नका.

सेंटरमध्ये तुमचे हक्क

तपासणी करणारे डॉक्टर पुरुष असतील तर खोलीत स्त्री कर्मचारी असावी, असे मागता येते. दर आधी विचारा, पावती घ्या. डॉक्टरांनी एखाद्या ठरावीक सेंटरचे नाव सांगितले तरी तपासणी कुठे करायची हे तुम्ही ठरवू शकता. रिपोर्ट आणि फिल्म तुमच्या आहेत. रुग्णालयातल्या नोंदींची प्रत मागितल्यावर ७२ तासांत मिळायला हवी. पैसे थकले म्हणून कोणी रिपोर्ट अडवून ठेवला, तर लेखी मागणी करा आणि तिची पोच घ्या.

घरात कोणी गरोदर असेल तर आज तिची शेवटच्या पाळीची तारीख विचारा, तिच्यात १२६ दिवस मिळवा आणि आलेली तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. त्या तारखेपासून पुढचे चौदा दिवस अ‍ॅनॉमली स्कॅनचे आहेत. तिच्यासोबत जायला घरातल्या एका माणसाने त्या दिवसांतली सुट्टी आत्ताच सांगून ठेवावी.